गालिच्याला ऊन दाखवताना

गुरुवार, २१ ऑगस्ट. गच्चीवर एक ओला लोकरी गालिचा पसरला आहे. त्याची निळी किनार जुन्या चादरींनी झाकली आहे आणि पाण्याच्या टाकीला टेकून मी उन्हाची वाट बघत बसले आहे. गालिच्याच्या मधोमध, जरा डावीकडे, एक पिवळा पंजा उमटला आहे. पाची बोटं स्पष्ट. उद्या सकाळी चर्चमध्ये एक नवरी या गालिच्यावर गुडघे टेकणार आहे. तोवर हा पंजा गेला पाहिजे.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव मागितले त्याला बरेच दिवस झाले. बसायला सवड नव्हती. आज बसण्याखेरीज काही करता येत नाही, म्हणून लिहिते.

धंदा असा. मी आणि माझी धाकटी जाऊ नंदा, आम्ही दोघी नगरमध्ये आणि आसपास लोकांचे सोफे, गालिचे, गाद्या, गाडीच्या सीटा धुतो. छोटा टेम्पो आहे, तो मी चालवते. एक यंत्र आहे, ते कापडात पाणी सोडतं आणि लगेच मळासकट ओढून घेतं. टाकीत जमलेलं काळं पाणी गिऱ्हाइकाला दाखवलं की घासाघीस थांबते. आपण ज्यावर बसून जेवत होतो त्यातून एवढं निघालं, हे बघून माणूस गप्प होतो. गालिचा फुटावर, सोफा बैठकीवर, असा सरळ दर आहे. तो कुणाला समजावावा लागत नाही.

समजावावं लागतं ते प्रोटेक्टरचं. धुतलेल्या कापडावर हे औषध फवारायचं. वाळलं की धाग्यांवर न दिसणारा थर बसतो. मग वर काही सांडलं तर ते लगेच आत मुरत नाही, थेंब होऊन वरच थांबतं. तेवढ्यात तुम्ही फडकं आणायचं. लोकांना वाटतं आपण कापडाला छत्री विकत घेतली. खरं तर मी त्यांना फडकं शोधण्यापुरता वेळ विकते. बस्स, एवढंच.

दिसायला ते पाणीच. म्हणून सगळे त्याला पाणी म्हणतात. धुण्याच्या निम्मे पैसे वर मागितले की, "नुसतं पाणी मारायचे एवढे?" हे ठरलेलं. सुरुवातीला मी ते धुण्याच्या दरातच धरायचे, वेगळं बोलायचेच नाही. झालं असं की आपल्या सोफ्यावर काही मारलंय हे कुणाच्या ध्यानातच राहायचं नाही. चहा सांडला की वर्तमानपत्र टाकून मोकळे. मग दर वेगळा केला. वेगळे पैसे मागितले की माणूस प्रश्न विचारतो, आणि प्रश्न विचारणारा माणूस उत्तर थोडं तरी ऐकतो.

शिवाय मी चहा ओतते... नाही, ओतत नाही, ओघळू देते. माझ्याजवळ गालिच्याचा एक तुकडा असतो, पांढरट, अर्धा औषध मारलेला, अर्धा कोरा. गिऱ्हाइकाने चहा पुढे केला की मी त्यातलाच थोडा त्या तुकड्यावर सोडते. कोऱ्या भागावर तो नाहीसा होतो आणि डाग मागे राहतो. औषधाच्या भागावर गोळा होऊन उभा राहतो. त्या थेंबात खिडकी दिसते, पंखा दिसतो, वाकून बघणाऱ्याचं नाक दिसतं. खोलीतली माणसं बोलायची थांबतात. मग मी फडक्याने तो अलगद टिपते आणि तुकडा कोरडा दाखवते. त्यानंतर दराबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

आता ढग जरा पातळ झालेत. गालिच्यावर उजेड आल्यासारखा झाला आणि गेला. श्रावण संपत आलाय, पाऊस धड नाही आणि ऊनही धड नाही. ओल्या लोकरीला एक उबदार वास येतो, मेंढरं जवळून गेल्यासारखा. डोळे मिटले तर कळप रस्ता ओलांडतोय आणि आपण टेम्पो थांबवून बसलोय असं वाटतं. मी डोळे उघडते. पंजा आहे तिथेच आहे.

लोक या पाण्याचं काय करतील सांगता येत नाही. बेलापूरच्या एका व्यापाऱ्याने नवा कोरा सोफा प्रोटेक्टर मारून घेतला, पूर्ण पैसे दिले, आणि मी यंत्र आवरत असतानाच त्यावर प्लास्टिक घातलं. वर्षाने पुन्हा बोलावलं. प्लास्टिक तसंच, सोफा तसाच. घरातली सगळी खाली सतरंजीवर बसून टीव्ही बघत होती. मी म्हटलं, याला धुण्यासारखं काही नाही. ते म्हणाले, तरी पाणी मारून जा, जुनं झालं असेल. मी मारलं नाही. त्यांना वाईट वाटलं.

सावेडीत एका बाईंनी गाडीच्या एकाच सीटला मारायला लावलं, मागच्या डाव्या. तिथे सासूबाई बसतात, घाटात त्यांना उलटी होते. मी नवऱ्यादेखत कारण विचारलं ही माझी चूक.

नंदा वर आली आहे. ती खर्ड्याची, बोलायला खणखणीत. कमरेवर हात ठेवून आधी गालिच्याकडे आणि मग आभाळाकडे बघते.

"आक्का, गेला का ग तो हात?"

मी मान हलवते.

"आमच्या खर्ड्याला असतं तर आतापतुर जळून गेला असता. लई ऊन हाय तिकडं. तुमच्या नगरात आभाळबी सरकारी कामावानी हाय, उद्या या म्हणतंय."

ती खाली गेली. आता या पंजाची गोष्ट सांगते.

साळवे बाईंनी माझ्या मुलीला चौथीत शिकवलं. त्या आता निवृत्त आहेत. हा गालिचा त्यांच्या आजोबांनी विणलेला, त्या काळी इथे मागावर बसून लोकरीचे गालिचे विणणारी माणसं होती त्यातले ते एक. मधला भाग दुधाळ, कडेला निळी वेल. बाईंच्या आईने लग्नात याच्यावर गुडघे टेकले, बाईंनी टेकले, बाईंच्या धाकट्या बहिणीने टेकले. एरवी तो गुंडाळून माळ्यावर असतो. लग्नाच्या सकाळी चर्चमध्ये वेदीपुढे पसरायचा, आशीर्वाद झाला की परत गुंडाळायचा. आता लेकीचं, रिबेकाचं लग्न. आपल्याकडे चातुर्मासात मुहूर्त नसतात, त्यांच्याकडे ती अडचण नाही, म्हणून माझा ऑगस्ट अगदीच रिकामा जात नाही.

गेल्या आठवड्यात मी तो धुतला. जुन्या लोकरीला जपावं लागतं, कोमट नाही, गारच पाणी, सौम्य औषध. गालिचा पुन्हा दुधाळ झाला. मग बाईंनी चहा पुढे केला आणि मी नेहमीप्रमाणे तुकडा काढला. थेंब उभा राहिला. रिबेका गुडघ्यावर बसून बघत होती, बाईंची बेलापूरची बहीण, जिला सगळे मावशी म्हणतात, तीही बघत होती. मावशी म्हणाल्या, मोत्यासारखा दिसतोय गं. बाईंनी शिक्षिकेच्या सवयीने विचारलं की हळदीला चालतं का. मी सांगितलं की हळदीचा भरवसा देत नाही, त्यात तेल असतं. पडलीच तर चमच्याने उचलायची, चोळायची नाही, साबण तर अजिबात नाही, आणि मला फोन करायचा. हे मी प्रत्येकाला सांगते. बाईंनी मान डोलावली. प्रोटेक्टर मारलं, पैसे घेतले, चहाचा तुकडा पिशवीत घातला आणि निघाले.

काल संध्याकाळी हळद झाली.

आजवर त्या घरात कुठल्याच हळदीला हा गालिचा खाली काढला नव्हता. काढायचा विचारही कुणाच्या मनात आला नव्हता. यंदा काढला, कारण आता त्याला पाणी मारलेलं होतं. पाट मांडून रिबेकाला त्यावर बसवलं. तेल-हळदीने तिचे हात कोपरापर्यंत माखले. गाणी झाली, चेष्टामस्करी झाली, आणि उठताना तोल सावरायला तिने उजवा हात टेकला.

त्या वेळी चमचा आणला असता तर बरंच काही वर आलं असतं. पण मावशी पुढे झाल्या. घरात काही सांडलं की पुढे होणारं माणूस प्रत्येक घरात असतं. त्यांनी गरम पाणी आणि कपड्याचा साबण घेतला आणि जोर लावून चोळलं. हळदीला साबण लागला की काय होतं हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, पातळाचा काठ तांबडा झालेला प्रत्येकीने पाहिलाय. पण घाईत आठवत नाही. पंजा लालभडक झाला. लग्न दोन दिवसांवर असताना, नवरीच्या हाताचा, पांढऱ्या गालिच्यावर लाल पंजा. मावशी भिंतीला टेकून रडायला लागल्या. पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, हे बरं दिसत नाही. मग कुणी गायलं नाही.

आज सकाळी बाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की येऊ शकशील का.

मी गेले. तांबडं बघून मला हायसं वाटलं, हे त्या घरात कुणाला पटलं नसतं. साबणाने लाल झालेली हळद आंबट लागलं की परत पिवळी होते. पाण्यात व्हिनेगर घालून मी ते हलक्या हाताने टिपत गेले आणि सगळ्यांच्या देखत पंजा लालचा केशरी, केशरीचा पिवळा झाला. मावशींनी क्रूसाची खूण केली. मी यंत्राने पाणी ओढून घेतलं. तेल निघालं, रंग राहिला. हळदीच्या रंगावर माझ्याकडच्या कुठल्याच बाटलीत औषध नाही. त्या रंगाला फक्त ऊन खातं. कुठल्याही घरी, हळदीचं धुणं दोरीवर टाकलं की संध्याकाळी पांढरं निघतं. म्हणून गालिचा टेम्पोत घालून इथे आणला. निळी किनार झाकली, कारण ऊन हळद खातं तसं निळंही खाईल. आणि आभाळ भरून आलं.

तेव्हापासून मी इथे आहे.

दुपार झाली. मधूनमधून मी पंजावर पाणी शिंपडते, ओलं असलं की रंग लवकर उडतो. मग परत बसते. एवढा वेळ नुसतं बसून मी कधी काही बघितलं नसेल. ढगाआडूनही उजेड काम करतो, पण इतकं सावकाश की बघणाऱ्याला पत्ता लागू देत नाही. एकदा वाटलं करंगळी फिकी झाली. मग वाटलं पहिल्यापासून तशीच होती. कुठेतरी कुकर वाजला. गालिच्यातली वेल चादरीखाली हळूहळू वाढत असावी असं काहीतरी मनात आलं आणि मी उठून तोंड धुतलं.

विचार करत होते तो हा. मी बाईंना सगळं नीट सांगितलं होतं, चमचा, साबण, फोन. सांगितलेलं एकही चुकीचं नव्हतं. पण त्यांच्या लक्षात राहिला तो थेंब. कानाने ऐकलेलं डोळ्यांनी पाहिलेल्यापुढे टिकत नाही, आणि डोळ्यांना मी फक्त निम्मं दाखवत आले. थेंब उभा राहतो ते दाखवते, आणि तो बसायच्या आत टिपून घेते. इतकी वर्षं मी तो वेळेवर टिपते म्हणून मला कसबी म्हणतात. पाणी मारलं नसतं तर हा गालिचा काल माळ्यावरच असता.

चारच्या सुमाराला बाई स्वतः आल्या. जिना चढून दम लागला होता. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. गालिच्याच्या कडेने फिरून पंजाजवळ उभ्या राहिल्या.

"कमी झालाय," त्या म्हणाल्या.

"थोडा. ऊन पडलं असतं तर गेला असता."

"सुरेखा, खरं सांग. उद्यापर्यंत जाईल?"

"सकाळी ऊन पडलं तर जाईल. नाही पडलं तर एवढाच राहील."

त्यांनी वाकून पंजाजवळची लोकर बोटाने चाचपली. मग म्हणाल्या की बहीण कालपासून जेवलेली नाही. पाळक साहेबांनी चर्चमधला लाल गालिचा घालू म्हणून सांगितलंय, पोरगीही म्हणते चालेल. पण तिची मावशी आयुष्यभर हेच घेऊन बसेल, की माझ्यामुळे आजोबांचा गालिचा पोरीला मिळाला नाही.

मी म्हटलं, बाई, पाण्याचे पैसे मी परत देते.

"पैसे कशाला? तू सांगितलं होतंस. आम्ही ऐकलं नाही."

"तुम्ही ऐकलंत. मी दाखवलं नाही."

त्यांना ते कळलं की नाही माहीत नाही. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं, रागाने नव्हे, आणखी काही म्हणतोय का म्हणून. मग पदर सावरत खाली उतरल्या. नंदाने त्यांना चहा दिला. मला वरपर्यंत ऐकू येत होतं, ती त्यांना सांगत होती, "काळजी करू नगा बाई, आमची आक्का सूर्याला बी हाताला धरून आनंल."

संध्याकाळी आभाळ आणखी खाली आलं. गालिचा भिजू नये म्हणून आम्ही दोघींनी तो उचलून पत्र्याखाली घेतला, यंत्राने पुन्हा ओढून कोरडा केला. पंजा होताच. साय धरलेल्या दुधात पुसट केशर पडावं तेवढा.

शुक्रवार.

पहाटे जाग आली तेव्हा खिडकी निळी होती. आभाळात एक ढग नाही. पावसाळ्यात अशी एखादीच सकाळ येते, आदल्या दिवशी काही झालंच नव्हतं अशा चेहऱ्याने. मी नंदाला उठवलं. आम्ही गालिचा गच्चीच्या पूर्वेच्या कठड्यावर तिरका टाकला, किनारीवर चादरी बांधल्या. सूर्य समोरच्या घराच्या टाकीवरून वर आला आणि ऊन सरळ पंजावर पडलं. मी पाणी शिंपडलं. लोकरीतून बारीक वाफ निघायला लागली. आम्ही दोघी कपबशी हातात घेऊन उभ्या होतो आणि चहा प्यायला विसरलो. आधी करंगळी गेली. मग तळव्याची कड. मग बोटं एकेक करून, कुणी हात हळूच मागे घ्यावा तशी. अंगठ्याच्या बुडाशी थोडं राहिलं. निघायची वेळ झाली तेव्हाही ते होतं.

चर्चमध्ये फुलं लावायचं काम चाललं होतं. मी आणि नंदाने वेदीपुढे गालिचा पसरला, हाताने लव एका बाजूला बसवली. बाई आल्या, मागोमाग मावशी. मावशी गुडघ्यावर बसून शोधायला लागल्या. बोटांनी चाचपून बघितलं. त्यांना सापडलं नाही. उठल्या आणि फुलवाल्याला हार नीट लावत नाही म्हणून रागवायला लागल्या. त्यांचं ठीक झालं हे मला त्यावरून कळलं.

बाई मात्र बरोबर त्या जागी उभ्या होत्या.

"इथे आहे ना?"

"आहे. ठाऊक आहे त्यालाच दिसेल."

"म्हणजे मला दिसणार."

"तुम्हाला आणि मला."

त्या हसल्या. मग पर्समध्ये हात घालत म्हणाल्या, "दुपारी परत मारशील ना पाणी? साबणाने गेलं असेल ते. जे होतील ते घे."

गेलंच होतं. दर सांगितला असता तर त्यांनी दिला असता.

मी म्हटलं, "नको. गुंडाळून माळ्यावर ठेवा. माळ्याहून चांगलं प्रोटेक्टर माझ्याकडे नाही."

लग्नाला थांबा म्हणाल्या, पण सुप्याचं काम ठरलेलं होतं. तिथे कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका जोडप्याने नवा सोफा घेतलाय, मूल नुकतंच चालायला लागलंय. धुण्यासारखं काही नव्हतं, त्यांना पाणीच मारून हवं होतं, सगळ्या सोफ्याला. त्यांनी चहा पुढे केला. मी पिशवीतून तुकडा काढला आणि औषधाच्या भागावर चहा सोडला. थेंब उभा राहिला. त्यात खिडकी आली, दोघांचे चेहरे आले, आईच्या कडेवरचं पोर आलं. नवरा म्हणाला, वा. नंदाने सवयीने माझ्या हातात फडकं दिलं.

मी ते मांडीवर ठेवलं.

थोड्या वेळाने बायको म्हणाली, "अहो ताई, पुसा ना."

"थांबा जरा," मी म्हटलं.

पंखा थेंबात फिरत होता. मग थेंब कडेने जरा पसरला, चपटा झाला, खिडकी त्यातून निघून गेली, आणि चहा सावकाश आत उतरला.